संधीचा धडा

मोटार चालवण्याचा परवाना माझ्या पर्समध्ये अकरा वर्षे सुखाने नांदत होता. बँकेत ओळख पटवायला तो काढायचा, एवढाच त्याचा उपयोग. गाडी चालवायची ती अण्णांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, हा आमच्या घरचा कायदाच. पण यंदा डॉक्टरांना अण्णांच्या डोळ्यांत काचबिंदू दिसला आणि "आता स्टिअरिंग सोडा," असे त्यांनी बजावले. इकडे सासूबाईंच्या गुडघ्यांना आठवड्यातून दोनदा व्यायामासाठी न्यायचे; आमचे हे नोकरीनिमित्त परगावी. तेव्हा पाळी आली ती माझ्यावर!

चिरंजीव म्हणाले, "ऑटोमॅटिक घेऊ या." अण्णा म्हणाले, "ही गाडी अजून खणखणीत आहे." झाले! रविवारी पहाटे सहालाच आम्ही खडकवासल्याची वाट धरली. उन्हे वर आली की तिथे कणसे-भजी खाणाऱ्यांची जत्रा भरते, तिच्याआधी शिकून घ्यावे हा हेतू.

मी गिअर बदलला की गाडीला हिसका बसे आणि अण्णांची मान नंदीबैलासारखी डोले. नांदेड फाट्यापर्यंत त्यांनी मला पंचवीस वेळा होकार दिला. त्यांतला एकही मनापासून नव्हता.

धरणाजवळच्या चढावर गाडी बंद पडली आणि मागे घसरू लागली. मागे एक भजीवाला स्टोव्ह पेटवत होता. माझे दोन्ही पाय लाकडासारखे झाले. अण्णांनी हँडब्रेक ओढला. थोडा वेळ कोणीच बोलले नाही.

"मला नाही जमायचं, अण्णा."

त्यांनी धरणाकडे बोट दाखवले. "पानशेत फुटलं तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो. १२ जुलै १९६१. ते पाणी एकदम आलं, या धरणाला पेलवलं नाही. हेही फुटलं आणि पुण्याच्या पेठांत पाणी शिरलं. आता दारं उघडतात ती टप्प्याटप्प्यानं. क्लच म्हणजे तुझ्या पायाखालचं दार, सूनबाई. एकदम सोडलंस, की इंजिनाचं सगळं बळ चाकांवर कोसळतं."

मग रीतसर धडा झाला. वरच्या गिअरात जाताना इंजिनाचे फेरे कमी व्हायला हवेत. म्हणून अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय उचलायचा आणि दांडा न हिसडता पुढे न्यायचा. खालच्या गिअरात येताना फेरे वाढायला हवेत. म्हणून क्लच सोडण्याआधी अ‍ॅक्सिलरेटर हलकेच दाबायचा. क्लच वर येताना एका जागी इंजिनाचा आवाज जड होतो. तिथे पाय क्षणभर थांबवायचा. चढावर हँडब्रेक सोडायचा तोही त्याच क्षणी. जुन्या गाड्यांत गिअरच्या दातांचा मेळही चालवणाऱ्यालाच कानाने जुळवावा लागे. १९२८ साली कॅडिलॅक गाडीत सिंक्रोमेश आले, तेव्हापासून ते काम गिअरपेटीच करते. क्लचचे काम मात्र पायाकडेच राहिले.

"अहो अण्णा, ही तर संधी!" मी म्हटले. वीस वर्षे मी वर्गात सांगत आले आहे, की 'महा' आणि 'ईश' शेजारी आले, की दोन्ही स्वर आपापला हट्ट सोडतात, तेव्हा कुठे 'महेश' होतो. पायाला हे कोणी शिकवलेच नव्हते!

आवाज जड झाला, पाय थांबला, हँडब्रेक सुटला. गाडी चढ चढली. भजीवाल्याने वर पाहिलेसुद्धा नाही.

परतताना गिअर बदलायची वेळ आली की अण्णांचा हात दांड्याकडे येई आणि अर्ध्या वाटेवरून परत मांडीवर जाई. किरकटवाडीनंतर तो आला नाही. मी हळूच पाहिले. त्यांचे डोळे मिटलेले होते.

"अण्णा, झोपलात?"

"नाही गं," डोळे न उघडताच ते म्हणाले, "तिसरा कधी पडला तेवढं सांग."