कालवं तळा, पण आधी ती कुठून आली ते विचारा

रायपूरच्या नशिबात समुद्र नाही. त्यातल्या त्यात जवळचा किनारा विशाखापट्टणमचा, तोही रेल्वेनं पाचशे किलोमीटरच्या पुढे. मुंबई तर अकराशेच्या वर. तरी इथल्या मराठी घरांत अधूनमधून कालवं तळायची हुक्की येतेच. तात्यापाऱ्यातली जुनी घराणी नागपूरकर भोसल्यांच्या अमदानीची आठवण सांगणारी. त्यांच्याकडे सात पिढ्यांत कुणी कालव पाहिलेलं नसेल. पण कुणाकडे मालवणची सून येते, कुणाचा जावई अलिबागचा निघतो, भिलाईच्या कारखान्यात नोकरीला आलेल्या एखाद्या कोकणी कुटुंबाशी घरोबा होतो. आणि हल्ली मोबाइलवर कढईतून निघणारी सोनेरी कालवं बघून पोरं हट्ट धरतात ते वेगळंच. करा की, जरूर करा. तळणाची रीत खाली सांगतेच आहे. पण आधी थोडं ऐकून घ्या, कारण कोकणात बसून कालवं तळणं आणि रायपुरात बसून तळणं यांत फरक आहे आणि तो मसाल्याचा नाही.

कोकणात ओहोटी लागली की बायका खडकांवर जातात, कोयत्याच्या टोकानं कालव उघडतात, आतला गर भांड्यात जमवतात आणि काही तासांत तो कुणाच्या तरी चुलीवर चढलेला असतो. खडक ते चूल हे थोडकं अंतर हीच तिथली सगळी सुरक्षितता. सिंधुदुर्गात देवगड-वेंगुर्ल्याकडे कांदळवन कक्षाच्या मदतीनं महिला बचत गट खाडीत कालवांची शेतीही करतात. आपल्याकडे मात्र मालाला मुंबईहूनच रेल्वेनं चांगले अठरा-एकोणीस तास, तेही गाडी वेळेवर आली तर. म्हणून पहिली विनंती: कोकणातून येणाऱ्या पाहुण्याला ‘येताना जरा कालवं घेऊन या’ असं सांगू नका. थर्माकोलच्या डब्यातला बर्फ इगतपुरीपर्यंत दिमाखात असतो, वर्ध्याला त्याचं पाणी झालेलं असतं, आणि त्या गोड्या पाण्यात बुडालेलं कवचातलं जिवंत कालव मरून पडतं. मेलेल्या कालवात जंतू किती वेगानं वाढतात ते वरून कळत नाही. नवतप्याच्या दिवसांत, पारा पंचेचाळिशीला टेकलेला असताना, हा विचारसुद्धा मनात आणू नका.

कालवाचं जगणं गाळण्याचं आहे. ते दिवसभर पाणी आत घेतं, त्यातलं खाणं ठेवतं आणि पाणी सोडून देतं; मोठं कालव चांगल्या परिस्थितीत दिवसाला शंभर लिटरहून अधिक पाणी गाळतं. पाण्यात जे असेल ते त्याच्या पोटात जमतं. खाडीत सांडपाणी येत असेल तर नोरोव्हायरस आणि काविळीचा हेपेटायटिस ए, गरम समुद्रात व्हिब्रिओ नावाचे जिवाणू. लिंबू पिळल्यानं, तिखट चोळल्यानं किंवा बरोबर घोटभर घेतल्यानं हे मरत नाहीत. हा समज इतका पक्का आहे की चांगली शिकलेली माणसंही तो छातीठोकपणे सांगतात. मरतात ते उष्णतेनं. म्हणून परदेशात हॉटेलांत कच्ची कालवं कवचातून ओरपतात ते पाहून इथं तसं करू नका. यकृताचा आजार, मधुमेह असलेल्यांनी, गरोदर बायकांनी आणि म्हाताऱ्यांनी तर मुळीच नाही. आणखी एक: ज्यांना झिंग्यांनी अंगावर गांधी उठतात, त्यांना कालवांनीही उठू शकतात. पाहुण्यांना वाढण्यापूर्वी विचारून घ्यायला लाजू नका.

आता दुसरी विनंती, आणि ही जास्त कळकळीची. रायपूर हे तळ्यांचं गाव. बूढा तालाब, महाराजबंध, तेलीबांधा. उन्हाळ्यात पाणी उतरलं की काठच्या चिखलात मोठाले शिंपले दिसतात. दिसायला ते समुद्रातल्यासारखेच, आणि फुकट. कुणीतरी म्हणतंच की हेच तळून बघू. नका बघू. कालव काय किंवा तळ्यातला शिंपला काय, दोघंही गाळून खाणारे. शहराच्या तळ्यात वर्षानुवर्षं उतरलेलं सांडपाणी, मूर्तींचे रंग, रस्त्यावरून वाहून आलेलं तेल हे सगळं त्यांच्या मांसात असणार. जंतू तळल्यानं मरतील; शिसं आणि कॅडमियम कढईत मरत नाहीत. इथल्या खेड्यापाड्यांत घोंघी, म्हणजे गोगलगाई, उकडून खाण्याची जुनी रीत आहे, तिला मी नावं ठेवत नाही. ते लोक आपलं शेत, आपलं पाणी ओळखतात. शहरातल्या तळ्याबद्दल आपल्याला तेवढं काय ठाऊक असतं?

मग घ्यायचं काय? सोललेली, गोठवलेली कालवं. शास्त्री बाजारात रोहू, कतला, रूपचंदा हवे तितके. कालवं सहसा गोठवलेल्या मालाच्या दुकानात आधी सांगून मागवावी लागतात. पाकीट हातात आलं की घाई करू नका. त्यावर एफएसएसएआयचा चौदा आकडी परवाना क्रमांक, गोठवल्याची तारीख आणि माल कुठे तयार झाला ते लिहिलेलं असलं पाहिजे. पाकीट हलवून पाहा. दाणे सुटे वाजले तर ठीक. सगळा एकच गठ्ठा आणि आत बर्फाचे मोठे खडे असतील तर माल वाटेत कुठेतरी वितळून पुन्हा गोठलेला आहे. परत द्या, दुकानदार कितीही ओळखीचा असो. आणि गोठवल्यानं जंतू झोपतात, सगळे मरत नाहीत, हे लक्षात असू द्या. डब्यात तेलात मुरवलेली, धूर दिलेली कालवं मिळतात, ती पावावर छान लागतात. तळायला त्यांचा उपयोग नाही, आतून तेलानं चिंब असतात.

वितळवायचं ते फ्रीजच्या खालच्या कप्प्यात, रात्रभर. ओट्यावर नाही, कोमट पाण्यात तर नाहीच. सुटलेलं पाणी फडक्यातून गाळून घ्या आणि रश्श्यात उकळून वापरा. समुद्राची अर्धी चव त्यातच असते.

कुरकुरीतपणाचं सगळं रहस्य या पाण्यात आहे. कालव म्हणजे बहुतांश पाणीच. ते ओलं पिठात घोळलं की बाहेर चिकट लगदा आणि कढईत तडतडाट. म्हणून कालवं आधी चाळणीत निथळू द्या, मग सुती फडक्यावर एकेक सुटं पसरून वरून दुसऱ्या फडक्यानं हलकेच टिपा. बोटाला ओल लागेनाशी झाली की पुरे. मग हळद, आलं-लसणाची वाटलेली गोळी आणि चमचाभर कोकमाचं आगळ लावून दहाच मिनिटं ठेवा. आगळ नसेल तर लिंबू. मीठ आत्ता लावायचं नाही. मीठ लागलं की कालव पुन्हा पाणी सोडतं आणि तुमचं टिपणं वाया जातं. मीठ पिठात.

अर्ध्या किलोला एक वाटी तांदळाचं पीठ, अर्धी वाटी बारीक रवा, दोन चमचे मालवणी मसाला. तांदळाचं पीठ या धानाच्या मुलखात मी काय सांगू! चीला-फऱ्यासाठी घरात असतंच, फक्त ते कोरडं दळलेलं हवं. भिजवलेल्या तांदळाचं पीठ ओल धरतं. रव्याऐवजी मक्याची भरड चालते, अमेरिकेच्या दक्षिणेत कालवं तिच्यातच घोळवतात. जपानी लोक मैदा, अंडं आणि पावाचा चुरा असे तीन थर देतात. मोठ्या कालवांना ते शोभतं. आपल्या कोकणी खडकावरची कालवं असतात अंगठ्याच्या पेरापेक्षा थोडी मोठी. तिसऱ्या थरात ती हरवून जातात आणि आपण नुसता पाव खातो.

पिठात घोळवलं की लगेच कढईत. घोळवून ताटात मांडून ठेवायची आणि मग फोनवर बोलायचं, असं केलंत तर पीठ ओलं होऊन सुटतं. कढई खोल घ्या, निम्मीच भरा. तेल 190 अंशांवर असावं. स्वयंपाकाचा थर्मामीटर काही शे रुपयांत मिळतो, घ्या एकदाचा. नसेल तर पिठाचा एक कण टाका; तो तळाशी न बसता तत्क्षणी फसफसत वर आला पाहिजे, पण तेलातून धूर निघता कामा नये. एका वेळी सात-आठ कालवं, जास्त नाहीत, नाहीतर तेल निवतं आणि कालवं तळण्याऐवजी शिजत बसतात. या तापमानाला किमान तीन मिनिटं तळायची असा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाचा सल्ला आहे. रंग मिनिटभरातच छान येतो, तिथेच मोह होतो. रंगावर जाऊ नका, घड्याळ बघा. एखादं कालव आतल्या वाफेनं फुटतं आणि तेल हातभर उडतं. मुलांना ओट्यापासून लांब ठेवा आणि झारा लांब दांड्याचा घ्या.

काढलेली कालवं जाळीवर ठेवा, खालून हवा लागू द्या. वर्तमानपत्रावर नाही; छपाईच्या शाईत शिसं असतं, आणि अन्न वर्तमानपत्रात गुंडाळू नका असं एफएसएसएआय अनेकदा सांगून थकलं. वर झाकणही ठेवू नका. पाच मिनिटांत खायची चीज आहे ही, पंगत बसवून वाढायची नव्हे. खाणारे स्वयंपाकघरातच उभे राहिले तर उत्तम. उरलेलं तेल पुऱ्यांसाठी जपून ठेवू नका, त्याचा वास पुऱ्यांना लागल्याशिवाय राहत नाही.

आणखी एक गोष्ट, जी तळण्यानंही टळत नाही. समुद्रात कधीकधी विषारी शेवाळाची लाट येते आणि ते विष शिंपल्यांत साठतं. 1997 मध्ये केरळात विळिंजमच्या बाजूला असे शिंपले खाऊन माणसं दगावली. म्हणून मूळ गावाचा पत्ता नसलेला सुटा माल घेऊच नका. खाल्ल्यावर नुसत्या उलट्या-जुलाब झाले तर ओआरएस पाजा आणि डॉक्टरला दाखवा. पण ओठ-जीभ बधिर झाली, बोटांना मुंग्या आल्या, श्वास जड झाला तर घरगुती उपायांत एक मिनिट घालवू नका. मेकाहारा रुग्णालय असो की एम्स, जे जवळ असेल ते गाठा, आणि काय खाल्लं ते पहिल्याच वाक्यात सांगा. शक्य असेल तर रिकामं पाकीट बरोबर न्या.

आणि समजा नीट माल मिळालाच नाही, जे रायपुरात बरेचदा होईल, तर हट्ट सोडा. बाजारातून ताजी चिंगरी, म्हणजे झिंगे, आणा, साफ करून तशीच टिपा, तेच आगळ, तेच तांदळाचं पीठ, तोच रवा. बारीक चिंगरी असेल तर चार-पाच एकत्र मुठीत दाबून तळा. मालवणची सून थोडं नाक मुरडेल. ताटातली पहिली मूठ तीच उचलेल.