तारांचा शेजार

गेल्या महिन्यांत आम्हांस एका तरुण तंत्रज्ञाची क्षमा मागावी लागली. प्रसंग असा. एका ग्रंथसंस्थेंत जुन्या पोथ्यांचीं छायाचित्रें संगणकांत सांठविण्याचें काम चालूं आहे. चित्रें मोठीं, म्हणून सेकंदास १० गिगाबिट वेगाचें जाळें हवें होतें, देखरेख आमच्याकडे. वीसबावीस केबली सैल लोंबतांना पाहून आमच्यांतला मास्तर जागा झाला व आम्हीं त्यांची घट्ट मोळी बांधविली. "गुरुजी, थोड्या मोकळ्या असूं द्या," मुलगा म्हणाला. आम्हीं त्यास चार माणसांदेखत गबाळा ठरविलें.

पुढें वेग टिकेना. संबंध तुटे, पुन्हां जुळे, आणि अखेर १० च्या जागीं १ गिगाबिटवर येऊन बसे. दोष अर्थातच आम्हीं त्या मुलास दिला!

त्यानें शांतपणें एक केबल सोलून दाखविली. आंत तांब्याच्या तारांच्या चार जोड्या, प्रत्येक वेणीसारखी पिळलेली. ही पिळाची युक्ति टेलिफोनवाल्या बेलची; तिचें पेटंट १८८१ चें. बाहेरचा उपद्रव जोडींतील दोन्ही तारांस सारखाच लागतो आणि ग्राहकयंत्र दोहोंमधील फरकच मोजतें, म्हणून तो उपद्रव बहुतांशीं लोपतो. चारही जोड्यांचे पीळ निरनिराळे ठेवतात तेंही एकमेकींची बाधा टळावी म्हणूनच. परंतु शेजारच्या केबलींत त्याच रंगाच्या जोडीस तोच पीळ असतो! अशा दोघी दूरपर्यंत अंगास अंग लावून गेल्या कीं संसर्गदोष घडतो.

आमच्या वर्गांतील कुजबूज आम्हांस ओळखतां येई. कोण बोललें तें ठाऊक असे. पण लांकडी पडद्यापलीकडे दुसरा वर्ग पाढे म्हणूं लागला कीं आमचा इलाज खुंटे. यंत्राचेंही तसेंच. स्वतःच्या चार जोड्यांवरील संकेत त्यास ठाऊक, ते हिशेबानें वजा होतात; शेजारणीचे अज्ञातच राहतात. म्हणून या वेगास 'कॅट ६' केबल फार तर ५५ मीटर पुरते, दाट मोळींत ३७ च धरावी. 'कॅट ६ ए' मात्र १०० मीटर जाते. आमच्या कांहीं केबली ४५ मीटरांच्या होत्या.

मोळी सोडली. केबली पुन्हां विस्कळित लोंबूं लागल्या, आणि वेग परतला. दोन केबली तरीही हट्ट सोडीनात. त्या बदलावयाच्या आहेत, व तो खर्च संस्थेकडे मागण्याचा आमचा विचार नाहीं.

क्षमा त्याच चार माणसांदेखत मागितली. मुलगा संकोचून "असूं द्या, गुरुजी" म्हणाला आणि शिडीवर चढला.