यदृच्छासिद्धी आणि संभाव्यतेचे गणित

आपल्या व्यवसायात ‘अनुभूत योग’ या शब्दाला मोठा मान आहे आणि तो असावाच. परंतु एखादा योग अनुभूत ठरविण्यास किती रुग्ण पाहावे लागतात, याचा विचार आपण क्वचितच करतो. हा विचार आपणांस परका नाही. तर्कावाचून लाभलेल्या यशाला चरकसंहितेच्या सिद्धिस्थानात ‘यदृच्छासिद्धी’ म्हटले आहे. शालेय गणितातील ‘यादृच्छिक प्रयोग’ हा शब्दही त्याच कुळातला. ज्याच्या सर्व शक्य निष्पत्ती ठाऊक असतात, पण कोणती घडेल हे आधी सांगता येत नाही, तो यादृच्छिक प्रयोग. सर्व निष्पत्तींचा संच म्हणजे नमुना अवकाश. त्यातील अभिप्रेत भाग म्हणजे घटना. आणि ती घडण्याच्या शक्यतेचे शून्य ते एक यांमधील माप म्हणजे संभाव्यता.

मूत्राश्मरीचे उदाहरण घेऊ. गविनीतील पाच मिलिमीटरपर्यंतचे खडे औषधावाचूनही साधारणतः दोन-तृतीयांश रुग्णांत पडून जातात. शंभर वैद्यांनी प्रत्येकी अशा दहा रुग्णांना केवळ पाणी दिले, असे समजा. प्रत्येक रुग्णाची निष्पत्ती स्वतंत्र मानून गणित केले, तर सुमारे तीस वैद्यांना दहापैकी आठ किंवा अधिक रुग्ण बरे झालेले दिसतील. हे तीस जण लेख लिहितील, उरलेले सत्तर मौन पाळतील; आणि वाचकांपुढे ऐंशी टक्के गुणाचा आकडा येईल. औषधावाचून किती बरे झाले असते, हे सांगितल्याशिवाय ‘आठ बरे झाले’ हे विधान अपुरेच राहते.

दुसरी बाब छेदाची. औषध वीस जणांनी नेले, दहा परतले व त्यांतील आठ बरे झाले, तर ‘परत आलेल्यांपैकी’ ही अट घातलेली ती सशर्त संभाव्यता होय. तीच सर्व वीस रुग्णांची म्हणून सांगणे अप्रामाणिक ठरते.

तिसरी बाब औषधनिर्मात्यांसाठी. तीस रुग्णांत उपद्रव दिसला नाही, म्हणून वेष्टनावर ‘दुष्परिणामरहित’ छापण्याचा मोह होतो. वस्तुतः शंभरात एकाला उपद्रव करणारे औषधही तीस रुग्णांत निर्दोष दिसण्याची संभाव्यता सुमारे ७४ टक्के असते. असा उपद्रव एकदा तरी दिसेल याची ९५ टक्के खात्री हवी, तर सुमारे तीनशे रुग्ण पाहावे लागतात.

काही ज्येष्ठ वैद्य म्हणतील की आयुर्वेद प्रकृतीनुसार चिकित्सा करतो, तेथे सरासरीचे काय काम? आक्षेप विचारार्ह आहे. परंतु सुखसाध्य, कृच्छ्रसाध्य, याप्य व प्रत्याख्येय हे भेद करताना आपण निष्पत्तीचा अंदाजच बांधत असतो. तो चिकित्सेपूर्वी लिहून ठेवावा, प्रकृतिनिहाय गट करावेत आणि मगच मोजणी करावी, एवढेच आमचे म्हणणे आहे.

म्हणून आमची सूचना अशी की, यापुढे या त्रैमासिकातील प्रत्येक अनुभूत योगासोबत चार गोष्टी अनिवार्य असाव्यात : क्रमाने आलेल्या सर्व रुग्णांची संख्या, न परतलेल्यांची संख्या, चिकित्सेपूर्वी ठरविलेली साध्यासाध्यता आणि व्याधीचा औषधावाचूनचा स्वाभाविक क्रम. अंकात काही योग कमी छापले जातील. पण जे छापले जातील, ते नवोदित वैद्य आपल्या रुग्णास निःशंक मनाने देऊ शकेल.