बत्तिसावा घास



गेल्या अंकात आपण नामनिर्देशन आणि मृत्युपत्र यांतील फरक पाहिला. या वेळी मुदत ठेवींविषयी लिहिण्याचा मानस होता. परंतु चातुर्मास दाराशी आला असताना एका वेगळ्या ठेवीविषयी लिहावे, असे मनाने घेतले.

गेल्या दिवाळीच्या गर्दीत माझा पुतण्या गुलमंडीवरील आपल्या कापडाच्या दुकानात छातीत कळ येऊन कोसळला. वय अवघे एकेचाळीस. वेळेवर उपचार मिळाले, हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट बसला आणि जीव वाचला. त्या रात्री अतिदक्षता विभागाबाहेरच्या बाकावर बसून मी सवयीप्रमाणे मनातल्या मनात हिशेब मांडत होतो. दुपारचे जेवण तीन वाजता, तेही गिऱ्हाइकाला थान उलगडून दाखवता दाखवता. रात्रीचे जेवण दुकान बंद झाल्यावर, साडेदहाला. पुढे एक वाजेपर्यंत मोबाइल. हा हिशेब त्याचा होता खरा, पण पस्तीस वर्षे बँकेत माझाही तोच होता. शाखेची रोकड जुळल्याशिवाय आम्ही एक दिवसही उठलो नाही, आणि देहाची थकबाकी मात्र वर्षानुवर्षे पुढे ओढत राहिलो. निवृत्तीच्या वर्षी मधुमेहाच्या रूपाने तिची पहिली नोटीस आली.

घरात जाणते कोणी नव्हते, असे मुळीच नाही. आमच्या सौभाग्यवतींचा रात्रिभोजनत्याग आणि सामायिक लग्नापासून अखंड चालू आहे. मी त्याकडे ‘बायकांचे धर्मकार्य’ म्हणून पाहत आलो, हे आज लिहिताना संकोच वाटतो.

आपल्या शास्त्रात बाह्य तपाचे सहा प्रकार सांगितले आहेत. पहिले अनशन, म्हणजे उपवास. त्याचा आपल्याकडे मोठा गौरव होतो, पारण्याचे सोहळे होतात, आणि ते योग्यच आहे. परंतु लगेच दुसऱ्या क्रमांकावर असलेल्या ऊनोदरीचा कोणी सत्कार करत नाही. ऊनोदरी म्हणजे भुकेपेक्षा थोडे कमी जेवणे. पुरुषाचा पूर्ण आहार बत्तीस घासांचा आणि स्त्रीचा अठ्ठावीस घासांचा, असे प्राचीन माप आहे. त्यातला एक घास जरी कमी घेतला, तरी ते तप मानले आहे. उपवास वर्षातून काही दिवस घडतो. बत्तिसावा घास मात्र रोज दोन्ही वेळा समोर येतो, आणि तो सोडलेला कोणाला दिसतही नाही.

सूर्यास्तापूर्वी जेवण्यामागची मूळ दृष्टी अहिंसेची आहे. देहाच्या आरोग्याची जोड तिला नंतर मिळते. शरीराच्या प्रत्येक पेशीत दिवस-रात्रीचे घड्याळ चालते; ते आतून कसे चालते, हे उलगडणाऱ्या तीन अमेरिकी शास्त्रज्ञांना 2017 साली वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्यावरून आपल्या आचाराला विज्ञानाचा शिक्का मिळाला असे मी म्हणणार नाही. परंतु रात्री अकराला भरपेट जेवून आडवे होणे म्हणजे त्या घड्याळाशी भांडण मांडणे, एवढे कळायला नोबेलची गरज नाही.

पुतण्या हिंडू-फिरू लागल्यावर, डॉक्टरांची परवानगी घेऊन, मी त्याला वेरूळला नेले. शहरापासून जेमतेम तीस किलोमीटर. तो शाळेच्या सहलीनंतर तिकडे फिरकलेलाच नव्हता. तीस ते चौतीस क्रमांकाची जैन लेणी अगदी उत्तरेच्या टोकाला आहेत. पुष्कळ पाहुणे कैलास पाहून तिथूनच परततात. आम्ही थेट बत्तीस क्रमांकाच्या इंद्रसभेत गेलो. बत्तीस आकडा पाहून मला घासांचे माप आठवले, हा माझ्या हिशेबी स्वभावाचा दोष समजावा.

वेरूळच्या या लेण्यांत दोन मूर्ती अनेकदा समोरासमोर कोरलेल्या दिसतात. एका बाजूला भगवान पार्श्वनाथ आणि त्यांच्याभोवती कमठाचा उपसर्ग: कोणी शिळा उचललेली, कोणी अक्राळविक्राळ होऊन धावून आलेले. दुसऱ्या बाजूला बाहुबली. तिथे गलबला नाही, केवळ काळ सरतो आहे आणि वेली मांड्यांवर, दंडांवर चढत आहेत. पुतण्या पार्श्वनाथांपुढे बराच वेळ उभा राहिला आणि म्हणाला, “काका, चहूकडून हल्ला आहे, आणि हे मात्र स्वस्थ उभे आहेत. आम्ही तर फोन वाजला तरी दचकतो.”

मी त्याला उपदेश केला नाही. पिशवीतून चित्रवही काढली आणि शेजारी बसलो. निवृत्तीनंतर मला हा नाद लागला आहे. माझी चित्रे सामान्य आहेत. बाहुबलींचे खांदे मला आजवर एकदाही नीट जमले नाहीत. परंतु मोबाइलमध्ये छायाचित्र टिपायला दहा सेकंद लागतात, आणि पेन्सिलीने एक वेल काढायची तर अर्धा तास तिच्याकडे पाहावे लागते. त्या अर्ध्या तासात मनातली घासाघीस आपोआप थांबते. वरच्या मजल्यावर छताकडे मान वर करून पाहिले, तर हजार वर्षांपूर्वीच्या रंगांचे अवशेष अजून टिकून आहेत.

परतताना पुतण्याने खरा प्रश्न विचारला, “हे सगळे पटते, पण संध्याकाळी सहाला भर गिऱ्हाइकीत दुकान कसे सोडायचे?” प्रश्न रास्त होता. माझे वडील चातुर्मासात दुकान मुनिमावर सोपवून घरी जेवून येत. आज घरे दूर गेली आहेत, रस्त्यांवर वाहनांची दाटी आहे. तेव्हा तोडगा असा निघाला की, डबाच दुकानात येईल. मागच्या खोलीत पंधरा मिनिटे. फोन गल्ल्यावर ठेवून. आरंभी आठवड्यातून एक दिवस ठरला, आता चार दिवस होतात. लग्नसराईत दोन आठवडे सगळे मोडले, ते पुन्हा सुरू केले. डॉक्टरांच्या गोळ्या अर्थातच चालू आहेत. त्यांना पर्याय म्हणून यातले काहीही नाही.

मी स्वतः सौभाग्यवतींच्या शेजारी सामायिकाला बसू लागलो आहे. अठ्ठेचाळीस मिनिटे, म्हणजे दिवसाचा बरोबर तिसावा हिस्सा. पहिल्या आठवड्यात दहा मिनिटांतच घड्याळाकडे डोळे जात. त्या काही बोलल्या नाहीत. एवढेच केले, की भिंतीवरचे घड्याळ माझ्या पाठीमागच्या भिंतीवर नेले.

व्यापारी बंधूंना एक सुचवावेसे वाटते. चातुर्मासाच्या आरंभी आपल्याकडे सूर्य सातच्या सुमारास मावळतो. दिवाळीनंतर तो सहाच्या आत जातो. सवय लावायची तर आताच सोयीचे. आठवड्यातला एक दिवस ठरवावा, एक घास कमी घ्यावा, आणि एकदा मुलांना घेऊन वेरूळला जावे. मंगळवारी लेणी बंद असतात, तो वार टाळावा.

मुदत ठेवींविषयी पुढील अंकात. जय जिनेंद्र.