डुंबणे आणि बुडणे

आमच्या गल्लीतल्या केळीवाल्या पाटलांचा नातू गेल्या वर्षी चार आठवडे स्पेनमधल्या सालामांका गावी राहून आला. गेला होता तो स्पॅनिश शिकायला. रावेरच्या ओट्यांवर ही बातमी बरेच दिवस पुरली. सर्वांत रोकडा प्रश्न त्याच्या आजीचा होता : "काय रे, चार हप्ते तू तठी मुका होऊन बसला व्हता का?" नातू म्हणाला, "पहिला हप्ता मुकाच व्हतो, आजी."

हा पहिला मुका आठवडा म्हणजेच त्या शिक्षणपद्धतीचे भांडवल. सकाळी चार तास वर्ग, वर्गात इंग्रजीचा एक शब्द नाही. दुपारपासून मुक्काम एका वृद्ध बाईच्या घरी. मीठ हवे असेल तर स्पॅनिशमधूनच मागायचे, नाहीतर अळणी जेवायचे. सालामांकाचे विद्यापीठ १२१८ सालचे, तेव्हा परक्या विद्यार्थ्यांना घरात ठेवून घेण्याची त्या गावाला जुनीच सवय. तिकडे मध्य अमेरिकेत ग्वाटेमालामधल्या अँटिग्वा गावात तर एका शिष्यामागे एक शिक्षक अशा शाळांवर कितीतरी घरांची चूल चालते.

रावेरच्या पोराला हे सुचले कशामुळे? केळीमुळे. जगात सर्वाधिक केळी पिकवणारा देश आपला. निर्यातीत मात्र पहिला इक्वाडोर, आणि तिथली भाषा स्पॅनिश. जळगावच्या केळीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. मुंबईच्या निर्यात कचेरीत नोकरी करणाऱ्या ह्या मुलाला स्पर्धक काय बोलतात ते त्यांच्याच तोंडून ऐकायचे होते. (आपण महिनाअखेरीस ज्याची वाट पाहतो तो 'पगार' पोर्तुगीजांनी दिलेला, स्पॅनिशमध्येही पैसे देणे म्हणजे 'पगार'च, हे ऐकून मला, निवृत्त बँकवाल्याला, उगाचच बरे वाटले.) २०२४ साली महाराष्ट्र शासनाने जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, तेव्हापासून आमच्या भागातले आयटीआयवाले जर्मनची चौकशी करू लागले आहेत. म्हणजे हे वेड एकट्या पाटलांच्या घरचे नाही.

पण परभाषेत जाऊन राहण्याचा धडा आपल्याला नवा का वाटावा? आपण स्वतः दुसऱ्यांचे सालामांका होतोच की. १९६१ साली स्थापन झालेल्या अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीजमार्फत परदेशी विद्यार्थी पुण्यात येऊन मराठी शिकत आले. मॅक्सीन बर्नसन ह्या अमेरिकन बाई तर फलटणला येऊन राहिल्या. फलटणच्या लोकांच्या बोलण्यावर त्यांनी पेनसिल्व्हानिया विद्यापीठासाठी प्रबंध लिहिला, जाई निंबकरांबरोबर परदेशीयांसाठी मराठीची पाठ्यपुस्तके तयार केली आणि १९८४ साली तिथेच प्रगत शिक्षण संस्था उभारली. बाई भारतीय नागरिकही झाल्या. गावच्या बोलीतले भेद टिपणाऱ्या विदुषीने पुढे त्याच गावच्या पोरांना वाचायला शिकवण्यात उमेद घालवावी, ह्याला मी भाषा येणे म्हणतो. चार आठवड्यांत ते होत नाही.

आता थोडे कॅनडाकडे पाहू. १९६५ साली माँट्रियलजवळच्या सेंट लँबर्ट गावात इंग्रजी घरांतल्या मुलांना पहिल्या दिवसापासून फ्रेंचमधून शिकवण्याचा प्रयोग झाला. मुले उत्तम फ्रेंच समजू लागली आणि त्यांचे इंग्रजीही बिघडले नाही. आपल्याकडचे इंग्रजी माध्यमवाले असल्या प्रयोगांचा हवाला आनंदाने देतात. पण तो प्रयोग अभ्यासणाऱ्या वॉलेस लँबर्ट ह्यांनीच पुढे एक भेद सांगितला. घरच्या भाषेला मान आणि बळ असेल तर दुसरी भाषा जमेच्या बाजूला पडते. घरची भाषा दुबळी ठरवलेली असेल तर नवी भाषा जुनीला खाते. आमच्या खात्यात ह्याला जमा आणि नावे म्हणतात. पाठीला भोपळा बांधून विहिरीत सोडलेले पोर डुंबते. भोपळा काढून ढकलले तर काय होते ते सांगायला नको.

हे मला सातपुड्यात कळले, पुस्तकात नंतर. १९८० नंतरची गोष्ट. एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रमाची कर्जे वाटायला मी पालच्या बाजूच्या पावरा पाड्यांवर जात असे. आदिवासींना निम्मे अनुदान, आणि आम्हाला उद्दिष्ट. एका म्हाताऱ्याला दुभती म्हैस मंजूर झाली. तो बरेच काही बोलला. सोबतच्या दुभाष्याने सांगितले, "हो म्हणतोय, साहेब." मी अंगठा घेतला. पुढच्या उन्हाळ्यात म्हैस मेली. थकबाकीची नोटीस छापील मराठीतून गेली, खाली माझी सही.

त्यानंतर मी पाड्यावर मुक्काम करू लागलो. रात्री शेकोटीपाशी बसायचो, पोरे माझे उच्चार ऐकून लोळण घेत हसायची, आणि हसूनच सुधारायची. सहा-सात महिन्यांनी मला म्हाताऱ्याचे जुने वाक्य नीट कळले. पाड्यावर फेब्रुवारीनंतर पाणी नसते, शेळ्या द्या, असे तो म्हणाला होता. तो 'हो' मुळीच म्हणाला नव्हता.

त्याच पाड्यावरची पोरे शाळेत मराठीत ढकलली जात होती. पहिलीतला त्यांचा मुका आठवडा वर्षभर चाले आणि हजेरीपटावर त्याला 'मंद' म्हणत. पाटलांच्या नातवाच्या मुकेपणाला मात्र पैसे मोजून प्रमाणपत्र मिळाले.

गेल्या वर्षी आपल्याकडे भाषेवरून केवढे रान उठले! पहिलीपासून हिंदी सक्तीचा शासन निर्णय एप्रिल २०२५ मध्ये आला आणि जूनअखेर मागे गेला. त्याच सुमारास बँकांच्या शाखांत जाऊन मराठीत बोला अशी मागणी झाली. ती रास्तच होती, माझ्या अडाणी ग्राहकांसाठी मी ती नोकरीत असतानाच केली असती. पण डोंगरातल्या खिडकीपुढे उभ्या असलेल्या पावरा बाईच्या भाषेत कुणी बोलावे, ही मागणी दोन्ही बाजूंपैकी कुणाच्याच कागदावर नव्हती. नव्या अधिकाऱ्याला पहिला महिना पाड्यावरच्या एखाद्या घरी जेवायला ठेवले तर खर्च सालामांकाच्या तिकिटाहून कितीतरी कमी येईल.

परवा नातू भेटला. सालामांकातली बाई रोज रात्री जेवताना त्याची क्रियापदे दुरुस्त करायची, म्हणाला. मी विचारले, हसायची का? "पोट धरून," तो म्हणाला. मग त्याने मला विचारले, म्हाताऱ्याला शेळ्या मिळाल्या का?

मिळाल्या नाहीत. थकबाकीदाराला दुसरे कर्ज देता येत नसे.