शेवटचं कडवं कोणी कापलं?

या अंकाचं संपादकीय मी एका मंत्र्यावर लिहिणार होतो. अर्धं लिहूनही झालं होतं. ते फाडलं. मधल्या काळात एका बाईनं माझ्या तोंडावर एक प्रश्न फेकला आणि तो प्रश्न मला झोपू देत नाही. तेव्हा या खेपेला आरोपीच्या पिंजऱ्यात मंत्री नाही, मी उभा आहे. तुम्हीही माझ्या शेजारीच आहात. वाचून झाल्यावर शिव्या घालायच्या तर खुशाल घाला.

गोष्ट अशी. माझे बाबा एम्प्रेस मिलमध्ये होते. घरात खायची मारामार, पण टू-इन-वन होता. इंदोऱ्यात जयंतीला कव्वालीचा सामना रंगला की बाबा तो टेप स्टेजच्या कडेला ठेवायचे आणि रात्रभर भरून घ्यायचे. मिल बंद पडली, बाबा गेले, कॅसेटी राहिल्या. गेल्या वर्षी त्यातली एक मी कॉम्प्युटरवर घेतली आणि आपल्या चॅनलवर चढवली. पूर्ण नाही. रील करायची होती ना! मुखडा घेतला, पहिलं कडवं घेतलं, ढोलकीचा एक तुकडा घेतला, बाकीचं कापून टाकलं. खाली लिहिलं : ‘जुनं भीमगीत. जबरदस्त. शेअर करा.’

पोट्ट्यांनी शेअर केलं. मिरवणुकीत डीजेवाल्यानं वाजवलं. माझी कॉलर ताठ.

मग एक दिवस फोनवर नोटीस आली. कोणीतरी माझ्याच रीलमधला आवाज उचलला होता, त्याच्याखाली बीट ठोकला होता आणि एका कंपनीमार्फत सगळ्या ॲपवर स्वतःच्या नावानं चढवला होता. यंत्रानं दोन्ही आवाज ताडून पाहिले आणि निकाल दिला : गाणं कंपनीचं. चोर मी. गीतकाराच्या रकान्यात एकच शब्द होता, ‘पारंपरिक’.

पारंपरिक! म्हणजे कोणाचंच नाही. म्हणजे नदीनाल्यासारखं आपोआप वाहत आलेलं. ज्या माणसानं दिवसभर हमाली करून रात्री कंदिलाखाली शब्द जुळवले, तो एका रकान्यात गडप.

मी पेटलो. हरकतीचा अर्ज लिहायला बसलो. अर्जात उत्तर द्यायचा पहिलाच प्रश्न : मग गाणं कोणाचं? आणि हात थांबला. मला ठाऊक नव्हतं. कॅसेट पुन्हा लावली. पहिल्यांदाच शेवटपर्यंत ऐकली. शेवटच्या कडव्यात नाव होतं. स्वच्छ, खणखणीत, दोनदा घेतलेलं. ते मीच कापलं होतं. कंपनी नंतर आली. पहिली कात्री माझी.

तो कवी टेका नाक्याजवळ राहायचा, असं जुन्या लोकांकडून कळलं. तो केव्हाच वारला. मुलगी भेटली. घरोघरी भांडी घासून आली होती. मी पैशाचं बोलू लागलो, कंपनीचं बोलू लागलो. तिनं मधेच तोडलं.

‘पैशाचं जाऊ द्या भाऊ. माह्या बाबाचं नाव काहून कापलं, ते सांगा.’

म्हटलं, ‘ताई, रील लहान असते...’

‘लहान होती त मधातलं कापाचं होतं. नाव त शेवटी असते. हे तुमाले ठाऊक नाई का?’

दोस्तहो, या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. तुमच्याकडे आहे?

त्या कवीचं नाव मी इथेही छापलेलं नाही, याचा राग येईल. कारण सांगतो. ती म्हणाली, ‘आधी जिथून कापलं तिथं जोडा, मंग तुमच्या पुस्तकात छापा.’ पूर्ण गाणं नावासकट वर चढेल, तेव्हाच त्याचं नाव या पानावर येईल. तोवर ही रिकामी जागा माझ्या तोंडावर थापड म्हणून राहू द्या.

आता जरा मुळाशी जाऊ. शेवटच्या कडव्यात नाव घालायची रीत आपल्याकडे का टिकली? अभंगात तुका म्हणे आहे, चोखा म्हणे आहे. ज्याच्याजवळ छापखाना नाही, वकील नाही, सातबारा नाही, त्याला आपली रचना आपली आहे हे सांगायची एकच जागा असते : गाण्याच्या आत. कागद जाळता येतो, पण गाताना नाव गाळलं तर चाल लंगडते. वामनदादा कर्डकांनी हेच केलं. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीत १९२२ साली जन्मलेला, मोठेपणी अक्षर शिकलेला हा माणूस २००४ साली गेला तोवर हजारो गाणी रचून गेला, आणि गाण्याच्या शेवटी ‘वामन’ येतोच. एका संग्रहाचं नावच ‘हे गीत वामनाचे’. हा मोठेपणाचा सोस नव्हता. हा दस्तऐवज होता. गावोगावच्या बाया-माणसांनी ती गाणी पाठ केली आणि नाव पाठोपाठ गेलं. ना रजिस्टर, ना शिक्का.

आता आमची रील. रील मुखड्यावर चालते. पहिल्या काही सेकंदांत बोट थांबलं नाही तर संपलं. म्हणजे या यंत्राची घडणच अशी आहे की आपल्या गाण्यात नाव जिथे ठेवलेलं असतं, तिथपर्यंत कोणी पोचूच नये. तंत्रज्ञान जात पाळत नाही म्हणतात. पाळत नसेल. पण कवीचं नाव कुठे असतं हे ज्याला माहीत नाही, त्याच्या हातात दिलेली कात्री कोणावर चालते ते बघा.

कोणी म्हणेल, साल्या, तू कोण शहाणा? आपल्या गायकांनी तरी सिनेमाच्या चाली उचलल्याच ना? उचलल्या. लपवायचं काय त्यात! वामनदादांची सुरुवातच सिनेगीताच्या विडंबनानं झाली. लोकांच्या ओठांवर जी चाल होती ती घेतली आणि तिच्यात बाबासाहेब भरला. पण चार-आठ आण्यांच्या त्या जुन्या गीतपुस्तिका काढून बघा. दीक्षाभूमीवर जमिनीवर पथारी टाकून विकायचे त्या. प्रत्येक गाण्याच्या डोक्यावर छापलेलं असायचं, ‘चाल : अमुक-अमुक’, आणि खाली रचणाराचं नाव. उसनं घेतलं ते उसनं म्हणून सांगितलं, आपलं होतं ते आपलं म्हणून सांगितलं. पिवळट कागदावरच्या त्या दोन ओळींत जेवढी इमानदारी होती, तेवढी आपल्या हजार फॉलोअरवाल्या पेजवर नाही. मग मागासलेले कोण?

आणि हे फक्त नागपुरात घडतं असं नाही. तामिळनाडूचा अरिवु घ्या. आपल्यातलाच पोरगा. आजी चहामळ्यात राबलेली. तिच्या बोलण्यातून, तिच्या भोगवट्यातून त्यानं ‘एन्जॉय एन्जामी’ लिहिलं, धीसोबत गायलं. २०२१ साली ते जगभर गाजलं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ‘रोलिंग स्टोन इंडिया’नं त्या गाण्याचा गौरव करत मुखपृष्ठ काढलं, आणि मुखपृष्ठावर अरिवु नाही! पा. रंजितनं जाहीर सवाल केला, बोभाटा झाला, तेव्हा मागाहून त्याचं वेगळं डिजिटल मुखपृष्ठ निघालं. कोट्यवधी लोकांनी ऐकलेल्या गाण्याच्या कवीला मुखपृष्ठावरून उतरवता येतं, तर टेका नाक्याच्या म्हाताऱ्याची काय कथा?

कायदा काय म्हणतो? १९५७च्या कॉपीराइट कायद्याचं ५७वं कलम पाठ करा. रचना विकून टाकली, सगळे हक्क लिहून दिले, तरी ‘हे माझं आहे’ असं म्हणायचा हक्क रचणाऱ्याकडेच राहतो. नाव विकलं जात नाही. २०१२च्या दुरुस्तीनं गीतकाराच्या रॉयल्टीच्या वाट्यालाही संरक्षण दिलं. कॅसेटच्या जमान्यात एकरकमी चार पैसे हातावर टेकवून ज्यांचे अंगठे घेतले, त्यांच्या लेकराबाळांना हे कोणी सांगितलं? आपण सांगायला हवं होतं. आपण रील बनवत होतो.

इथे एक जुना दोस्त माझ्याशी भांडला. म्हणाला, ‘गाणं चळवळीचं असते बे. त्याची मालकी काहून सांगतं? उद्या काय गाण्यावर पाटी लावशील, गाऊ नका म्हणून?’ त्याचं म्हणणं मी उडवून लावत नाही. त्यात वजन आहे. भीमगीत तिकीट लावून ऐकायची गोष्ट नाही. गाणं सगळ्यांचं, गा, वाजवा, वाटा. पण मालकी वेगळी आणि नाव वेगळं. मालकी दुसऱ्याला अडवते. नाव कोणालाच अडवत नाही, फक्त आठवण ठेवतं. ‘सगळ्यांचं आहे’ म्हणत नाव पुसलं की ते सगळ्यांचं राहत नाही, पहिल्यांदा जो फॉर्म भरेल त्याचं होतं. माझ्या गाण्याचं तेच झालं.

आणि आपण? आपल्याला नावाचं मोल कळत नाही म्हणता? एका विद्यापीठाच्या नावासाठी आपली माणसं सोळा वर्षं लढली. १९७८ साली ठराव झाला, १४ जानेवारी १९९४ला नाव लागलं. इंदोऱ्याच्या दहा नंबर पुलाजवळ शहिदांचं स्मारक उभं आहे. रोज त्याच्यावरून गाडी दामटत जातो आपण. हातात मोबाइल. आणि दिवसातून पन्नास वेळा ‘जय भीम’ टाइप करतो. हा जयघोष अभिवादन म्हणून रुजवणारा माणूस इथून हाकेच्या अंतरावरचा, कामठीचा. बाबू हरदास. १९०४चा जन्म, १९३९ला गेला, पस्तीसाव्या वर्षी. पन्नास वेळा टाइप करणाऱ्या किती जणांना हे नाव ठाऊक आहे? हात वर करा. बघा, किती हात खाली आहेत.

हाच रोग पुढे कुठे जातो तेही बघा. बाबासाहेबांच्या फोटोखाली कोणाचंही वाक्य चिकटवून ग्रुपवर ढकलायचं. बाबासाहेब ते बोललेच नव्हते. शासनानं १९७९पासून त्यांचे खंड काढलेत, २०१७पासून त्यांचं लेखन कॉपीराइटमधून मोकळंही आहे. उघडून पानाचा आकडा टाकायला काय हात झिजतात? आता तर मेलेल्या गायकाचा आवाज यंत्राकडून बनवून घेता येतो. जे त्यानं गायलं नाही ते त्याच्या गळ्यातून काढता येतं. उद्या एखाद्या पक्षाचा दलाल आपल्याच शाहिराच्या आवाजात आपल्यालाच विकेल. तेव्हा खरं कुठलं, हे ओळखायला आपल्याकडे काय असेल? नाव, साल, जागा, मूळ कॅसेट. एवढंच. तेच आपण फेकून देतोय.

म्हणून मी काही गोष्टी ठरवल्या आहेत. तुम्हाला पटल्या तर तुम्हीही धरा.

गाणं चढवायचं तर पूर्ण चढवायचं. तुकडा करायचाच झाला तर शेवटचं कडवं आधी घ्यायचं. खाली लिहायचं : रचना कोणाची, गळा कोणाचा, ढोलकी कोणाची, चाल कुठली, कॅसेट कोणाच्या घरची. माहीत नसेल तर ‘पारंपरिक’ लिहायचं नाही. ‘शोध चालू आहे’ लिहायचं, आणि खरोखर शोधायचं. वस्तीतले म्हातारे जिवंत आहेत तोवर त्यांच्याजवळ बसायचं. पैसा आला तर आधी त्या घरी न्यायचा.

मी हरकतीचा अर्ज भरला आहे. गीतकाराच्या रकान्यात त्या कवीचं नाव लिहिलं. कंपनीला उत्तर द्यायला तीस दिवस आहेत. पुढच्या अंकात निकाल सांगतो. जिंकलो तर ते नाव पहिल्या पानावर असेल. हरलो तर अख्खी कॅसेट घेऊन दहा नंबर पुलावर बसू, स्पीकर लावू, आणि शेवटचं कडवं सगळ्यांना पाठ होईपर्यंत वाजवू. जुन्या लोकांनी तसंच टिकवलं होतं.

या मग. शेवटपर्यंत ऐकायची तयारी ठेवून या.

जय भीम!