हा लाल रंग कुणासाठी?

बंगळुरूच्या के. आर. पुरममध्ये संध्याकाळ उतरते ती माणसांच्या लोंढ्यांबरोबर. एकीकडे रेल्वे स्टेशन, त्याच्या डोक्यावरून जाणारा केबलांनी तोललेला झुलता पूल आणि दुसरीकडे व्हाइटफील्डहून येणारी मेट्रो. २०२३ साली मेट्रो सुरू झाल्यापासून तर इथल्या गर्दीला खळ नाही. ऑफिसातून सुटलेली, क्लास आटोपलेली, भाजीच्या पिशव्या सांभाळणारी ही माणसे घरी पोहोचण्याआधी कुठेतरी थबकतात. बंगळुरूत अशा थबकण्याचे ठरलेले ठिकाण म्हणजे गोबी मंचुरियनची गाडी. इथे नुसते 'गोबी' म्हटले तरी पुरते. कढईचा चर्र आवाज, लसणाचा खमंग वास आणि दिव्याखाली चमकणारा तो ढीग. अगदी लालभडक!

नोकरीनिमित्त पुण्याहून, सोलापूरहून, बेळगावहून बंगळुरूत आलेल्या मराठी घरांतली मुलेही आता या गोबीची भक्त झाली आहेत. आई बिचारी सावध असते. गाडीवाल्याला ती आठवणीने बजावते, "भैया, अजिनोमोटो मत डालना!" तो मान डोलावतो. आई निर्धास्त होते. बशीतल्या लाल रंगाबद्दल मात्र ती अवाक्षर काढत नाही.

गफलत होते ती नेमकी इथे. ज्या पदार्थाची तिला धास्ती आहे, तो शास्त्रज्ञांनी अनेकदा तपासून पाहिलेला आहे. आणि ज्याकडे तिचे लक्षच नाही, त्याच्यासाठी सरकारला बंदीचा हुकूम काढावा लागला!

१७१ पैकी १०७

११ मार्च २०२४ रोजी कर्नाटकचे आरोग्यमंत्री दिनेश गुंडुराव यांनी गोबी मंचुरियन आणि 'म्हातारीचे केस' म्हणजे कॉटन कँडी यांत कृत्रिम रंग घालायला राज्यभर बंदी जाहीर केली. त्याआधी अन्नसुरक्षा विभागाने ठिकठिकाणचे नमुने तपासले होते. गोबीच्या १७१ नमुन्यांपैकी १०७ असुरक्षित निघाले. कॉटन कँडीच्या २५ पैकी १५ नमुन्यांची तीच गत. त्यांत टार्ट्राझिन आणि सनसेट यलो हे रंग तर होतेच, पण ऱ्होडामिन-बी हा कापड रंगवण्याच्या कामाचा रंगही सापडला. नियम मोडणाऱ्याला सात वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत कैद आणि १० लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, असे त्या वेळी बजावण्यात आले.

एक गोष्ट नीट लक्षात घ्यायला हवी. बंदी गोबीवर नव्हती, रंगावर होती. पांढरी कॉटन कँडी आणि बिनरंगाची गोबी विकायला कोणाची हरकत नव्हती.

त्याच वर्षी जूनमध्ये कबाबांची पाळी आली. ३९ नमुन्यांपैकी ८ नमुन्यांत घातक प्रमाणात रंग आढळले आणि शाकाहारी, चिकन व माशांच्या कबाबांतही कृत्रिम रंगाला मनाई झाली. पुढे बंगळुरूच्या बेकऱ्यांतले केक तपासले गेले. २३५ पैकी १२ नमुने असुरक्षित ठरले. तिकडे गोव्यात म्हापशाच्या नगरपालिकेने २०२४ च्या सुरुवातीला गोबी मंचुरियनच्या गाड्यांवरच बंदीचा निर्णय घेतला होता. अस्वच्छता आणि कृत्रिम रंग ही कारणे तिथेही होतीच.

रंगाची गरज कोणाला?

मंचुरियन हा पदार्थ मूळचा चीनचा, अशी अनेकांची समजूत असते. प्रत्यक्षात तो आपल्या मुंबईचा! १९७५ साली क्रिकेट क्लब ऑफ इंडियात नेल्सन वांग या आचाऱ्याने आले, लसूण, हिरवी मिरची, सोया सॉस आणि कॉर्नफ्लोअर यांच्या मेळातून चिकन मंचुरियन बनवले, असे मानले जाते. पुढे चिकनच्या जागी फ्लॉवर आला आणि शाकाहाऱ्यांचीही सोय झाली.

या साहित्यात लाल काही आहे का? सोया सॉसमुळे पदार्थाला तपकिरी रंग येतो. कॉर्नफ्लोअर तर पांढरेच. म्हणजे गाडीवरचा लालभडकपणा मुळात त्या पदार्थाचा नव्हेच. तो येतो रंगाच्या पुडीतून. त्याने चव वाढत नाही, वास येत नाही, पदार्थ टिकत नाही आणि पोषण तर नाहीच नाही. त्याचे काम एकच, रस्त्याने जाणाऱ्याचे डोळे वेधून घेणे. जोडीला आणखी एक काम तो गुपचूप करतो. फ्लॉवर शिळा आहे की ताजा, तेल किती वेळा तापवले आहे, हे सगळे रंगाखाली झाकले जाते.

चिमूटभराचा हिशेब

मग कृत्रिम रंग सगळेच विषारी का? तसे नाही. आपल्या देशात आठ कृत्रिम रंगांना खाण्यात वापरायची परवानगी आहे. टार्ट्राझिन, सनसेट यलो, कार्मोइसिन ही त्यांतलीच नावे. पण या परवानगीला दोन कुंपणे आहेत. पहिले कुंपण पदार्थाचे. आइस्क्रीम, बिस्किटे, मिठाई, सरबते, जेली अशा ठरावीक पदार्थांतच हे रंग चालतात. गाडीवरची गोबी त्यांत बसत नाही. दुसरे कुंपण प्रमाणाचे. साधारणपणे एक किलो तयार पदार्थात १०० मिलिग्रॅम, म्हणजे ग्रॅमच्या दहाव्या हिश्श्यापेक्षा जास्त रंग नको.

हे प्रमाण का महत्त्वाचे, ते साध्या हिशेबाने कळते. माणसाने आयुष्यभर रोज खाल्ला तरी अपाय होऊ नये, अशी प्रत्येक रंगाची मर्यादा आंतरराष्ट्रीय तज्ज्ञ ठरवतात. सनसेट यलोची मर्यादा आहे वजनाच्या दर किलोमागे रोज ४ मिलिग्रॅम. घरातले मूल १५ किलोचे असेल, तर त्याची मर्यादा ६० मिलिग्रॅम. कायद्याच्या प्रमाणात रंग घातलेला पदार्थ त्याने ६०० ग्रॅम खाल्ला, तर ही मर्यादा गाठली जाईल. एवढे काही लहान मूल एका बैठकीत खात नाही. पण गाडीवर ना तराजू, ना मोजमाप. चमच्याच्या टोकाने उचलायचे आणि ढवळायचे! तिथे रंग दहापट पडला, तर तीच मर्यादा ६० ग्रॅममध्ये गाठली जाते. ६० ग्रॅम म्हणजे गोबीचे जेमतेम चार-पाच तुकडे.

एक दिवस मर्यादा ओलांडली म्हणून मूल आजारी पडेलच, असे नाही. ही मर्यादा रोजच्या खाण्याची आहे. पण वजन कमी असल्यामुळे मुलांचा पेला लवकर भरतो, हे विसरून चालणार नाही. टार्ट्राझिनमुळे काही थोड्या जणांच्या अंगावर पित्ताच्या गांधी उठतात. २००७ साली इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टन विद्यापीठाने तीन वर्षांच्या आणि आठ-नऊ वर्षांच्या मुलांना कृत्रिम रंग आणि सोडियम बेंझोएट घातलेली पेये देऊन पाहिली. त्यांतल्या काही मुलांची चंचलता वाढल्याचे दिसले. परिणाम फार मोठा नव्हता, सगळ्या मुलांत सारखाही नव्हता. तरीही २०१० पासून युरोपात त्या सहा रंगांच्या पदार्थांवर, मुलांच्या वागण्यावर व एकाग्रतेवर परिणाम होऊ शकतो, अशी सूचना छापावी लागते.

ऱ्होडामिन-बीची गोष्ट आणखी वेगळी. त्याला खाण्यात कुठलीच जागा नाही. प्राण्यांवरील प्रयोगांनी कर्करोगाची शंका निर्माण केली आहे. माणसांबाबत पुरेसा पुरावा नाही, असे शास्त्रज्ञ म्हणतात. पण जो रंग खाण्यासाठी नाहीच, त्याचे 'सुरक्षित प्रमाण' शोधत बसण्यात काय अर्थ?

अजिनोमोटोचे भूत

आता त्या आईच्या धास्तीकडे वळू. घरोघर 'अजिनोमोटो' या नावाने ओळखला जातो तो मोनोसोडियम ग्लुटामेट. १९०८ साली जपानचे किकुनाए इकेदा यांनी समुद्री वनस्पतीच्या सुपातून ही चव वेगळी काढली. ग्लुटामेट टोमॅटोत असते, चीजमध्ये असते, आईच्या दुधातही असते. १९६८ साली एका अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात एका डॉक्टरांचे पत्र छापून आले. चिनी हॉटेलात जेवल्यावर मान बधिर होते, धडधडते, अशी त्यांची तक्रार होती. त्या पत्राने या भुताला जन्म दिला. पुढे बरेच प्रयोग झाले. १९८७ साली आंतरराष्ट्रीय तज्ज्ञ समितीने सर्व पुरावे तपासून, याच्यासाठी रोजची मर्यादा आकड्यात ठरवण्याची गरज नाही, असा निर्वाळा दिला.

म्हणून ते चमचा-चमचा घालावे, असे मात्र नाही. काहींना मोठ्या प्रमाणात ते सोसत नाही, त्यातून सोडियमही पोटात जाते, आणि रक्तदाबाच्या माणसाला ते वर्ज्यच बरे. तान्ह्या मुलांच्या खाण्यातही त्याला जागा नाही. पण त्याच गोबीतल्या लाल रंगापुढे त्याचा गुन्हा किरकोळ ठरतो.

जे नसते तर बिघडले असते

पदार्थात 'वरून घातलेले' म्हणजे वाईटच, ही समजूतही सोडायला हवी. आपल्या फोडणीतली हळद परदेशी वेष्टनावर १०० या क्रमांकाने वावरते. लिंबूसत्व म्हणजे ३३०, व्हिनेगर २६० आणि ढोकळ्यातला खाण्याचा सोडा ५००. पापडखाराशिवाय पापड फुलत नाही. हे सगळे आपल्या फडताळातलेच, नुसता नंबर पाहिला की परके वाटते.

सगळ्यांत मोठे उदाहरण मिठाचे. हिमाचलच्या कांगडा खोऱ्यात १९५६ पासून डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मिठात आयोडिन मिसळून पाहिले आणि तिथले गलगंडाचे प्रमाण स्पष्टपणे उतरले. १९६२ साली राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. आयोडिनची कमतरता गरोदरपणात राहिली तर बाळाच्या बुद्धीच्या वाढीवर परिणाम होतो. किलोभर मिठात काही मिलिग्रॅम आयोडिन, पण त्याने पिढ्या वाचवल्या!

सरबतातल्या सोडियम बेंझोएटचेही तेच. त्याच्यामुळे बाटलीत बुरशी आणि यीस्ट वाढत नाही. घरगुती उद्योग करणाऱ्या महिलांनी एवढेच पाहावे, की ते अंदाजाने न घालता काट्यावर मोजूनच घालावे.

म्हणजे कसोटी एकच आणि ती सोपी आहे. हे घातले नसते, तर काय बिघडले असते? मिठात आयोडिन नसते, तर माणूस बिघडला असता. सरबतात बेंझोएट नसते, तर सरबत बिघडले असते. गोबीत लाल रंग नसता, तर काहीच बिघडले नसते!

हिशेब कायमचा मात्र नसतो. पाव फुगीर व्हावा म्हणून पिठात पोटॅशियम ब्रोमेट घालायला आपल्याकडे परवानगी होती. जून २०१६ मध्ये ती काढून घेण्यात आली. नवा पुरावा आला, की नियम बदलतात. म्हणून 'पूर्वी चालत होते' हा युक्तिवाद कामाचा नाही.

काय करता येईल?

* गोबी, कबाब, पाणीपुरीचे पाणी फार भडक दिसले, तर ती गाडी सोडून पुढे चला. चांगल्या मंचुरियनचा रंग तपकिरी असतो.

* पाकीटबंद पदार्थावर घटकांची यादी आणि १४ अंकी परवाना क्रमांक पाहा. १०२, ११०, १२२, १२४ हे रंगांचे क्रमांक मुलांच्या खाऊवर दिसले, तर तो खाऊ रोजचा नको, क्वचित चालेल.

* गूळ घेताना पिवळाधमक, चकचकीत ढेपेच्या मोहात पडू नका. तो उजळपणा बऱ्याचदा 'हायड्रोस'चा असतो. काळपट गूळ दिसायला डावा, पण बरा. दम्याच्या माणसाने गंधकाची प्रक्रिया केलेले पदार्थ, विशेषतः पिवळे बेदाणे, जपून खावेत.

* मटारचे सोललेले दाणे काचेच्या ग्लासात पाण्यात अर्धा तास ठेवा. पाणी हिरवे झाले, तर दाणे रंगवलेले आहेत. रताळ्याच्या सालीवर पाण्यात किंवा तेलात भिजवलेला कापसाचा बोळा फिरवा. बोळा लाल झाला, तर रताळी परत करा.

* आयोडिनचे मीठ झाकणाच्या डब्यात, शेगडीपासून दूर ठेवा. जमेल तिथे भाजी उतरवताना घाला. पण 'चांगले आहे' म्हणून जास्त नको. दिवसाला माणशी पाच ग्रॅम, म्हणजे एक चहाचा चमचा, पुष्कळ झाले.

* घरी मंचुरियन लालच हवे असेल, तर उपाय कर्नाटकातच आहे. हावेरी जिल्ह्यातली ब्याडगी मिरची! तिखटाला कमी, रंगाला गडद. चार मिरच्या कोमट पाण्यात भिजवून लसणाबरोबर वाटल्या की सॉसला सुरेख रंग चढतो. मुलांच्या जिभेलाही झोंबत नाही.

राहता राहिला गाडीवाला. त्याला खलनायक ठरवणे सोपे आहे. पण बिनरंगाची गोबी मांडली, तर गिऱ्हाईक शेजारच्या लाल ढिगाकडे वळते, ही त्याची भीती खोटी नाही. पुडी त्याच्या हातात असते, मागणी गिऱ्हाइकाच्या डोळ्यांत. हुकूम निघतो, नमुने घेतले जातात, दंड होतो. पण रोज संध्याकाळी त्या गाडीपुढे उभा राहतो तो अधिकारी नव्हे, तर भुकेले मूल आणि त्याची आई.

तेव्हा के. आर. पुरमच्या मराठी आईने कानडीतली निदान दोन अक्षरे शिकून घ्यावीत. "बण्ण हाकबेडि." रंग घालू नका! दहा आयांनी दहा दिवस हेच म्हटले, तर अकराव्या दिवशी कढईतली गोबी आपोआप तपकिरी दिसू लागेल.